टेक करिअरसाठी तरुणांना मदत करणारे स्वयंसेवक: नेमकं काय करतात, सुरुवात कशी होते आणि कुठे चुकतं?

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली एखादी मुलगी. घर उदगीरला किंवा चाळीसगावला. मार्क चांगले आहेत. जावा ‘झालेलं’ आहे, म्हणजे परीक्षेत उत्तरं लिहून झालेली आहेत. पण गिट म्हणजे काय हे माहीत नाही, रेझ्युमेमध्ये छंद आणि वडिलांचं नाव आहे, आणि पुण्यातल्या एका क्लासने ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगून मोठी फी मागितली आहे. घरात, गल्लीत, नात्यात आयटीमध्ये काम करणारं कुणी नाही. ही फी भरावी का, हे विचारायचं कुणाला?

त्याच वेळी हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत अशी हजारो माणसं कामाला आहेत, जी या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत देऊ शकतील. अडचण एवढीच की ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत. ती भेट घडवून आणण्याचं आणि टिकवण्याचं काम म्हणजे टेक क्षेत्रातलं स्वयंसेवी मेंटॉरिंग.

थोडक्यात

- मेंटॉर म्हणजे पगार न घेता, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मुदतीसाठी एखाद्या तरुणाला किंवा गटाला करिअरची कौशल्यं मिळवायला मदत करणारी व्यक्ती.
- त्यासाठी सीनियर इंजिनिअर असावं लागत नाही. दोन-तीन वर्षांचा अनुभवही पुरतो.
- आठवड्याला एक ते दोन तास पुरतात, पण ते नियमित हवेत.
- सगळ्यात मोठं नुकसान कमी ज्ञानाने होत नाही, मध्येच सोडून दिल्याने होतं.
- मुलं १८ वर्षांखालची असतील तर काही कायदेशीर जबाबदाऱ्याही येतात.

मेंटॉर आणि शिक्षक यात फरक काय?

शिकवण्याची साधनं आज कमी नाहीत. सरकारच्या ‘स्वयम’वर अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, पायथन, लिबर ऑफिस अशा विषयांवर साधारण दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले बरेच मराठी आवाजातही आहेत. यूट्यूबवर तर मोजदाद नाही.

तरीही मुलं अडतात, कारण प्रश्न बहुतेक वेळा ‘लूप कसा लिहायचा’ हा नसतो. प्रश्न असतात ते असे: आधी पायथन शिकू की जावा? टेस्टिंगला गेलं तर पुढे डेव्हलपर होता येतं का? एक वर्षाची गॅप आहे, ती लपवू का? कंपनी दोन वर्षांचा बॉण्ड मागते आहे, सही करू का? याची उत्तरं पाठ्यपुस्तकात नसतात. ती त्या क्षेत्रात वावरणाऱ्या माणसाकडे असतात.

म्हणून स्वयंसेवकाची कामं साधारण चार प्रकारची असतात. पहिलं, दिशा दाखवणं: कुठलं काम काय असतं, त्यासाठी काय यावं लागतं. दुसरं, काम तपासणं: कोड, प्रोजेक्ट, रेझ्युमे बघून ‘हे बरोबर, हे बदल’ असं नेमकं सांगणं. तिसरं, सराव: खोटी मुलाखत घेणं, गटात बोलायला लावणं. चौथं, ओळख करून देणं: एखादी जागा निघाली की कळवणं, तयारी झाली असेल तर रेफरल देणं.

गरज नेमकी कुठे आहे?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, जो आजही नोकरीच्या अभ्यासात आधाराला घेतला जातो. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ही नोकरी कळली कुणाकडून? ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी जवळच्या मित्राचं किंवा नातेवाइकाचं नाव घेतलं नाही. अधूनमधून भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसांकडून ती बातमी आलेली होती. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच अंगाने गेला: मध्यम स्वरूपाची कच्ची ओळख नोकरी बदलायला सर्वांत जास्त उपयोगी पडते.

कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी माहिती दुसऱ्या वर्तुळातून येते. ज्या मुलाचं अख्खं वर्तुळ शेती, दुकान, शाळा आणि तालुक्याच्या कचेरीपुरतं आहे, त्याच्याकडे टेक क्षेत्राची बातमी पोहोचवणारी कच्ची ओळखही नसते. महाराष्ट्रात अनेक घरांत ‘कॉम्प्युटर शिकला’ याचा अर्थ अजूनही एमएस-सीआयटी केलं असा घेतला जातो. ती संगणक साक्षरता आहे आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडते. पण तिथून पुढे सॉफ्टवेअर टेस्टर, नेटवर्क टेक्निशियन किंवा डेटा ॲनालिस्ट होण्याची वाट कुठून जाते, हे सांगणारं कुणीतरी लागतं. आयटीआयमध्ये ‘कोपा’ ट्रेड केलेल्या मुलांचीही गोष्ट हीच.

ही कल्पना कुठून आली?

तरुणांना संगणक शिकवणारे स्वयंसेवक नवे नाहीत, पण त्याला चळवळीचं रूप आलं ते गेल्या पंधरा वर्षांत. २०११ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात जेम्स व्हेल्टन या तरुणाने उद्योजक बिल लियाओ यांच्यासोबत ‘कोडरडोजो’ सुरू केलं. व्हेल्टनने त्याआधी आपल्या शाळेतच संगणक क्लब चालवला होता. ७ ते १७ वयाच्या मुलांनी यायचं, फी नाही, परीक्षा नाही, शिकवणारे सगळे स्वयंसेवक. तिथली एक पद्धत खूप पसरली: अडलं तर आधी तिघांना विचार, मग मेंटॉरला. त्यामुळे मुलं एकमेकांकडून शिकतात आणि एक मेंटॉर मोठा गट सांभाळू शकतो.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, ब्रिटनमध्ये क्लेअर सटक्लिफ आणि लिंडा सँडविक यांनी ‘कोड क्लब’ सुरू केला. शाळा सुटल्यावर तासभर चालणारे हे क्लब. स्वयंसेवकाने स्वतः धडा तयार करायचा नाही, छापील प्रकल्प आधीच तयार असायचे. या एका गोष्टीमुळे शिकवण्याचा अनुभव नसलेले लोकही पुढे आले. कोड क्लब २०१५ मध्ये आणि कोडरडोजो २०१७ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशनमध्ये सामील झाले.

भारतात कुठे काम करता येतं?

*शाळांमध्ये:* नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत देशभरातल्या सुमारे १०,००० शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी तिथे थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर असं साहित्य असतं. एका लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब उभारण्याची घोषणा झाली. साहित्य आलं तरी ते हाताळून दाखवणारा माणूस लागतोच. त्यासाठी ‘मेंटॉर ऑफ चेंज’ ही स्वयंसेवी भूमिका आहे. यात आठवड्याला एक-दोन तास देण्याची अपेक्षा असते आणि मोबदला नसतो.

*ओपन सोर्समध्ये:* गूगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात नवशिके कोडर एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पावर काम करतात, त्यांना मानधन मिळतं, आणि त्यांना सांभाळणारे मेंटॉर मात्र त्या प्रकल्पातले स्वयंसेवक असतात. आधी तो फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून १८ वर्षांवरच्या नवशिक्यांनाही खुला झाला. ‘आउटरीची’ हा उपक्रम टेक क्षेत्रात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा लोकांसाठी आहे आणि त्याची मुळं ग्नोम प्रकल्पाने २००६ मध्ये स्त्रियांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमात आहेत. पश्चिम बंगालमधला दुर्गापूर लिनक्स युजर्स ग्रुप २००८ पासून मोफत उन्हाळी प्रशिक्षण घेत आला आहे. त्याचे वर्ग मजकुराच्या चॅटवर भरायचे. व्हिडिओ नसल्यामुळे कमी इंटरनेट असलेल्या मुलांनाही बसता यायचं.

*जवळपास:* आपलं जुनं कॉलेज, तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय, समाजकल्याण विभागाचं वसतिगृह, गावची माध्यमिक शाळा. मोठ्या उपक्रमाशी जोडलं जाणं बंधनकारक नाही. मात्र संस्थेमार्फत गेलं तर जागा, मुलांची यादी आणि जबाबदार व्यक्ती मिळते, म्हणून पहिल्या खेपेला तोच मार्ग सोपा पडतो.

‘मलाच सगळं येत नाही’

मागे राहणाऱ्यांचं हे सर्वांत नेहमीचं कारण. याबाबत सुगत मित्रा यांच्या तमिळनाडूतल्या कालिकुप्पम गावच्या प्रयोगाची आठवण काढता येईल. तिथल्या तमिळभाषक मुलांसमोर इंग्रजीतल्या रेणवीय जीवशास्त्राचा मजकूर असलेला संगणक ठेवला होता. मुलं स्वतःहून काही अंशी शिकली आणि चाचणीत ३० टक्क्यांच्या आसपास आली. मग त्यांच्या ओळखीच्या एका तरुणीला सोबत बसवलं. तिला जीवशास्त्र येत नव्हतं. तिने फक्त कौतुक करायचं, ‘हे काय आहे? मला दाखव ना’ असं विचारायचं. मुलांचे गुण ५० टक्क्यांच्या आसपास गेले. प्रयोग लहान होता आणि मित्रांच्या एकूण मांडणीवर बरीच टीकाही झाली आहे. पण आस्थेने विचारणाऱ्या माणसाचं असणं किती उपयोगी पडतं, एवढं त्यातून दिसतं.

याच विचारातून २००९ मध्ये ‘ग्रॅनी क्लाउड’ उभं राहिलं: इंटरनेटवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारणारे स्वयंसेवक. पुढे मित्रांना मिळालेल्या टेड पुरस्कारातून ज्या प्रयोगशाळा झाल्या, त्यातली एक साताऱ्यातल्या फलटणलाही होती.

याचा अर्थ काहीही न येणाऱ्याने मुलाखतीची तयारी करून घ्यावी असा नाही. पण ‘हे मला येत नाही, चल आपण डॉक्युमेंटेशनमध्ये शोधू’ हे वाक्य मेंटॉरने मोकळेपणाने म्हणावं. अनुभवी माणूस न येणारी गोष्ट कशी शोधतो, हे बघायला मिळणं हाही एक धडाच असतो.

पहिले बारा आठवडे कसे असावेत?

*आठवडा १ आणि २: ऐकणं.* मुलाकडे लॅपटॉप आहे की फक्त मोबाइल? डेटा पॅक किती? घरी अभ्यासाला जागा आणि वेळ आहे का? सुगीच्या दिवसांत शेतात जावं लागतं का? पार्ट-टाइम काम आहे का? हे न विचारता आखलेला प्लॅन दुसऱ्या आठवड्यात कोसळतो. फक्त मोबाइल असेल तरी अडत नाही: पायथनचा सराव ब्राउझरमधल्या गूगल कोलॅबवर होऊ शकतो.

*आठवडा ३ आणि ४: एक दिशा.* ‘आयटीत जायचंय’ हे ध्येय होत नाही. टेस्टिंग, वेब डेव्हलपमेंट, डेटा, नेटवर्किंग, टेक सपोर्ट, की कारखान्यातलं सीएनसी प्रोग्रॅमिंग? प्रत्येकातल्या नवशिक्यांच्या चार-पाच जाहिराती सोबत बसून वाचाव्यात आणि त्यात परत परत येणारी कौशल्यं कागदावर लिहून काढावीत. मुलांचं पुष्कळसं धुकं तिथेच विरतं.

*आठवडा ५ ते ९: एक छोटं, पुरं झालेलं काम.* यूट्यूबवर बघून केलेली ई-कॉमर्स साइट मुलाखत घेणाऱ्याने शंभरदा पाहिलेली असते. त्यापेक्षा गावच्या पिठाच्या गिरणीची उधारी नोंदवणारं ॲप, बाजार समितीच्या कांद्याच्या भावाचा आलेख, किंवा बचत गटाच्या हप्त्यांचा हिशोब बरा. त्यातली अडचण मुलाला स्वतःला कळलेली असते, त्यामुळे मुलाखतीत त्यावर पाच मिनिटं बोलता येतं. काम गिटहबवर टाकायला लावावं. तिथे खातं मोफत आहे.

*आठवडा १० आणि ११: रेझ्युमे आणि मुलाखत.* रेझ्युमे एक पान. जन्मतारीख, धर्म, वडिलांचं नाव नको. इंग्रजीची भीती असेल तर आधी प्रोजेक्ट मराठीत समजावून सांगायला लावावा. मराठीत नीट सांगता आला, तर अडचण भाषेची आहे. मराठीतही अडखळला, तर विषयच पक्का नाही. दोन्हीवर उपाय वेगळे आहेत आणि हा फरक बऱ्याचदा कुणी करत नाही.

*आठवडा १२: हिशोब.* काय झालं, काय राहिलं, पुढे चालू ठेवायचं का, हे दोघांनी मिळून ठरवायचं. थांबायचं असेल तर ते सांगून थांबायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक

स्वयंसेवा म्हणजे ‘जमेल तेव्हा, जमेल तेवढं’ असा समज असतो. मेंटॉरिंगच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या कार्यक्रमातल्या एक हजारावर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं मेंटॉरशी नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण ज्यांचं नातं तीन महिन्यांच्या आत तुटलं, त्यांच्या स्वतःबद्दलच्या आणि स्वतःच्या अभ्यासातल्या कुवतीबद्दलच्या विश्वासात घट दिसली.

हा अभ्यास १० ते १६ वयाच्या मुलांचा आणि दुसऱ्या देशातला आहे. तरी त्यातली गोष्ट ओळखीची वाटावी. ‘सर’ दोन रविवार आले, उत्साहाने बोलले, व्हॉट्सॲप ग्रुप केला, मग रिलीज आली, ऑन-कॉल आला आणि ग्रुप शांत झाला. स्वयंसेवकासाठी ती एक राहून गेलेली गोष्ट असते. मुलगा मात्र त्यातून ‘आपल्यातच काही कमी असेल’ असा अर्थ काढतो. आपल्याकडची मुलं ‘सर, तुम्ही का येत नाही?’ असं सहसा विचारतही नाहीत.

म्हणून अनुभवी गट तीन गोष्टी पाळतात: जेवढं पक्कं जमेल तेवढंच कबूल करायचं, एका गटाला एकऐवजी दोन मेंटॉर द्यायचे, आणि निघताना निरोप घेऊन, काम दुसऱ्याच्या हाती सोपवून निघायचं. ‘मी तीनच महिने आहे’ असं पहिल्याच दिवशी सांगणं हे वर्षभराचं वचन मोडण्यापेक्षा बरं.

आणखी काय टाळावं?

*नोकरीची हमी देणं.* रेफरल म्हणजे निवड नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करावं.

*स्वतःचाच मार्ग लादणं.* २०१० मध्ये ज्या वाटेने नोकरी मिळाली ती वाट आज उघडी असेलच असं नाही. एआय साधनांमुळे नवशिक्यांची कामंही बदलत आहेत. त्यामुळे कोड मिळवणं सोपं झालं, तरी तो वाचून चूक शोधता येणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

*कोड स्वतः लिहून देणं.* कीबोर्ड मुलाच्याच हातात राहावा.

*पुण्या-मुंबईची भाषा.* ‘अरे, एवढं पण माहीत नाही?’ या एका वाक्याने पुढचे सहा प्रश्न बंद होतात.

मुलं १८ वर्षांखालची असतील तर

पोक्सो कायदा, २०१२ नुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर त्याची खबर पोलिसांना देणं कुणालाही बंधनकारक आहे. यात स्वयंसेवकही आले. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घालतो. म्हणजे मुलांचे फोटो, नंबर, मार्क यांची शीट ग्रुपवर फिरवणं योग्य नाही.

व्यवहारातले नियम साधे आहेत. मुलाशी एकट्याने बंद खोलीत भेट नको. संवाद गटात किंवा शिक्षक-पालकांना दिसेल असा ठेवावा. इन्स्टाग्रामवर खासगी मेसेज नकोत. संस्थेने पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला तर अपमान वाटून घेऊ नये. तसा दाखला मागणारी संस्था मुलांची काळजी घेणारी असते.

फसवणूक ओळखायला शिकवणं हेही कौशल्यच

नोकरीच्या शोधातला तरुण हे सोपं सावज असतं. मेंटॉर इथे थेट पैसे वाचवू शकतो. धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: ऑफर लेटर देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’ मागणं, मुलाखत फक्त व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर, कंपनीच्या नावाने पण साध्या जीमेलवरून आलेला ईमेल, पैसे भरून मिळणारं इंटर्नशिप प्रमाणपत्र, खोटा अनुभव दाखवायची ‘सोय’. शेवटचा प्रकार नंतर पार्श्वभूमी तपासणीत उघड होतो आणि हातची नोकरी जाते. मूळ कागदपत्रं ठेवून घेणाऱ्यांपासूनही लांब राहायला सांगावं. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

नेहमीचे प्रश्न

*नोकरी करून वेळ कसा काढायचा?* आठवड्याचा एकच तास, ठरलेला वार, ठरलेली वेळ. गुरुवारी रात्री साडेनऊ म्हणजे गुरुवारी रात्री साडेनऊ.

*कंपनीची परवानगी लागते का?* स्वतःच्या वेळेत केलेल्या विनामोबदला कामाला सहसा अडचण नसते, पण नियुक्तीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलं आहे ते बघावं. कंपनीचा कोड किंवा मुलाखतीचे अंतर्गत प्रश्न शिकवायला वापरू नयेत.

*ऑनलाइन चालेल का?* चालतं. पण पहिली भेट प्रत्यक्ष झाली तर पुढचे कॉल चुकण्याचं प्रमाण कमी होतं, असा मेंटॉर मंडळींचा अनुभव असतो.

*यश कशात मोजायचं?* फक्त पॅकेजमध्ये नाही. मुलाने स्वतःहून प्रश्न विचारला, नकार आल्यावर पुढचा अर्ज केला, धाकट्या मुलाला गिट शिकवलं, हीसुद्धा मोजायची गोष्ट आहे.

आणि सुरुवातीच्या त्या मुलीचं काय? तिला हवं असलेलं उत्तर फार मोठं नाही: फी भरण्याआधी त्या क्लासमधून मागच्या वर्षी लागलेल्या तिघांशी फोनवर बोलायला माग. त्यांनी नंबर दिले नाहीत तर पैसे भरू नकोस. तोवर रेझ्युमे पाठव, गुरुवारी बघू. असं सांगणारा आणि गुरुवारी खरंच फोन उचलणारा माणूस तिच्या ओळखीत असायला हवा.